नल, अनडिफाइन्ड आणि जागेवर नसलेली व्हॅल्यू: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली पत्रं वाचताना लक्षात आलं की कुणी जावास्क्रिप्टमधून विचारतंय, कुणी डेटाबेसमधून, कुणी पायथनमधून, पण अडलेत सगळे एकाच ठिकाणी. जिथे व्हॅल्यू असायला हवी होती तिथे ती नाहीये आणि प्रोग्रॅम एकतर कोसळतोय नाहीतर गुपचूप चुकीचं उत्तर देतोय. म्हणून यावेळचं अख्खं सदर याच विषयाला दिलंय, बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात नक्की घेते.

प्रश्न: नमस्कार ताई, मी जावास्क्रिप्ट शिकतोय. एकाच कामासाठी नल आणि अनडिफाइन्ड अशा दोन व्हॅल्यू कशाला ठेवल्यात? आणि "कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड" हा एरर मला सारखा येतो, तो नेमका शोधायचा कसा? (बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, दुसरं वर्ष)

उत्तर: आधी एक सरळ हिशेब डोक्यात बसव. अनडिफाइन्ड म्हणजे इथे अजून कुणी काही ठेवलंच नाही, आणि नल म्हणजे कुणीतरी मुद्दाम सांगून ठेवलंय की इथे काही नाही. लेट लावून व्हेरिएबल बनवलं आणि व्हॅल्यू दिली नाही तर त्यात अनडिफाइन्ड, फंक्शनला दोन गोष्टी हव्या होत्या आणि तू एकच दिलीस तर दुसरी अनडिफाइन्ड, फंक्शनमधे रिटर्न लिहायचं राहून गेलं तर हातात येणार अनडिफाइन्ड, ऑब्जेक्टवर नसलेली प्रॉपर्टी मागितली किंवा ॲरेत पाचच आयटम असताना दहावा मागितला तरी तेच. नल मात्र असा आपोआप येऊन बसत नाही, तो कुणीतरी लिहिलेला असतो, तू, किंवा लायब्ररी लिहिणाऱ्याने, किंवा ब्राउझर बनवणाऱ्याने.

दोन का, याचं उत्तर इतिहासात आहे. ब्रेंडन आइक यांनी 1995 मधे नेटस्केपमधे या भाषेचा पहिला अवतार अवघ्या दहा दिवसांत उभा केला, आणि ती जावासारखी दिसली पाहिजे अशी वरून अपेक्षा होती. जावाच्या वळणाने "ऑब्जेक्ट नाही" या अर्थाचा नल आला आणि "काहीच व्हॅल्यू नाही" यासाठी अनडिफाइन्ड वेगळा ठेवला गेला. कागदावर हे ठीक वाटतं, पण भाषेने आणि ब्राउझरने स्वतःच हा फरक नीट पाळलेला नाही. गेटएलिमेंटबायआयडीला एलिमेंट सापडला नाही तर नल मिळतो, स्ट्रिंगच्या मॅचला काही जुळलं नाही तर नल, लोकलस्टोरेजमधे की नसली तर नल, पण ॲरेच्या फाइंडला काही सापडलं नाही तर अनडिफाइन्ड, आणि मॅपमधून नसलेली की मागितली तरी अनडिफाइन्ड. हे सगळं पाठ करत बसू नकोस. दोन्हीपैकी काहीही चाललं तरी हरकत नसेल तिथे सरळ == नल असं तपास, दोन बरोबर चिन्हांच्या तुलनेत नल आणि अनडिफाइन्ड एकमेकांना समान धरले जातात आणि शून्य, रिकामी स्ट्रिंग, फॉल्स यातलं काहीही त्यात ओढलं जात नाही. एरवी मी === सोडून दुसरं काही लिहू देत नाही, पण ही एक जागा अशी आहे जिथे == बरोबर आहे.

दोघांच्या वागण्यातला एक फरक मात्र लक्षात ठेवावा असा आहे. गणितात नल शून्य बनतो, अनडिफाइन्ड नॅन बनतो (नॅन म्हणजे "नॉट अ नंबर", संख्या नसलेलं उत्तर). म्हणजे 5 + नल केलं तर 5 येतात आणि 5 + अनडिफाइन्ड केलं तर नॅन. बेरजेत नॅन दिसला की निदान कळतं तरी की काहीतरी बिघडलंय, नल घुसला तर बेरीज व्यवस्थित दिसते आणि चुकीची असते, म्हणून मला अनडिफाइन्डपेक्षा नलची भीती जास्त वाटते.

आता एरर. त्या ओळीत कंसात "रीडिंग सिटी" असं काहीतरी लिहिलेलं असतं ते नीट वाच. अनडिफाइन्ड असलेली गोष्ट सिटी नाही, सिटीच्या डॉटच्या डावीकडे जे आहे ते अनडिफाइन्ड आहे. युजर.ॲड्रेस.सिटी लिहिलं असेल तर ॲड्रेस गायब आहे. बहुतेक नवीन मुलं सिटीच्या मागे लागतात आणि तिथेच वेळ जातो. डावीकडची गोष्ट सापडली की मग विचार कर की ती यायला हवी होती कुठून. नेहमीची कारणं ठरलेली असतात: सर्व्हरकडून डेटा येण्याआधीच स्क्रीन काढायला सुरुवात झाली, ॲरो फंक्शनला महिरपी कंस दिले पण आत रिटर्न लिहिलंच नाही, प्रॉपर्टीच्या नावात एक अक्षर लहानमोठं झालं, किंवा फाइंडला काही सापडलं नाही आणि आपण सापडलंच असं धरून पुढे गेलो. आणि हो, "इज नॉट डिफाइन्ड" हा रेफरन्स एरर वेगळा. तिथे त्या नावाचं व्हेरिएबलच कुठे नसतं, बहुतेक वेळा नाव चुकलेलं असतं किंवा इम्पोर्ट राहिलेलं असतं.

प्रश्न: टाइपऑफ नल केलं तर "ऑब्जेक्ट" येतं. नल जर काहीच नाही तर तो ऑब्जेक्ट कसा? इंटरव्ह्यूला विचारलं होतं, उत्तर आलं नाही. (नोकरीच्या शोधात)

उत्तर: नल ऑब्जेक्ट नाहीच, ती भाषेतली जुनी चूक आहे आणि तेच खरं उत्तर आहे, इंटरव्ह्यूत बेधडक सांगा. पहिल्या इम्प्लिमेंटेशनमधे प्रत्येक व्हॅल्यूच्या खालच्या काही बिट्समधे तिचा प्रकार लिहिलेला असायचा आणि ऑब्जेक्टचा टॅग होता 000. नल हा मशीनचा नल पॉइंटर होता, म्हणजे सगळे बिट शून्य, त्यामुळे टाइपऑफने टॅग बघितला, शून्य दिसले आणि ऑब्जेक्ट म्हणून सांगून टाकलं. पुढे हे सुधारायचा प्रस्ताव आला होता पण तोवर या वागण्यावर अवलंबून असलेलं इतकं कोड जगभर पसरलं होतं की प्रस्ताव नाकारला गेला. त्यामुळे ऑब्जेक्ट आहे का हे बघताना आधी नल नाही ना ते वेगळं बघायचं, आणि ॲरेसाठी ॲरे.इजॲरे वापरायचं कारण टाइपऑफ ॲरेलाही ऑब्जेक्टच म्हणतो.

प्रश्न: ताई, आमच्या क्विझ ॲपमधे ज्या मुलांना 0 मार्क पडतात त्यांच्यापुढे "परीक्षा दिली नाही" असं येतं. कोडमधे स्कोअर || "परीक्षा दिली नाही" असं लिहिलंय. काय चुकलं? (फ्रंटएंडला नवीन)

उत्तर: शून्य ही व्हॅल्यू आहे, नसणं नाही, आणि || ला हा फरक कळत नाही. तो डावीकडे शून्य, रिकामी स्ट्रिंग, फॉल्स, नॅन, नल, अनडिफाइन्ड यातलं काहीही दिसलं की उजवीकडचं घेऊन मोकळा होतो. ज्या मुलाने परीक्षा दिली, बसला, लिहिलं, त्याला तुमचं ॲप सांगतंय की तू आलाच नाहीस. ही गोष्ट मला साध्या बगपेक्षा मोठी वाटते, कारण स्क्रीनवर जे दिसतं तेच लोक खरं धरून चालतात.

2020 च्या जावास्क्रिप्टमधे ?? आला तो नेमका यासाठी. स्कोअर ?? "परीक्षा दिली नाही" असं लिहा, तो फक्त नल आणि अनडिफाइन्डला नसणं मानतो, शून्याला हात लावत नाही. ?? आणि || एका ओळीत कंस न टाकता मिसळले तर सिंटॅक्स एरर येतो, तो एरर चांगला आहे, कंस टाका आणि तुम्हाला काय म्हणायचंय ते स्पष्ट करा.

डिफॉल्ट पॅरामीटर वापरत असाल तर तिथे नियम आणखी वेगळा आहे. फंक्शनच्या व्याख्येत स्कोअर = 10 असं लिहिलं आणि बोलावताना अनडिफाइन्ड गेला तर 10 मिळतात, पण नल गेला तर नलच राहतो. बॅकएंडकडून, म्हणजे सर्व्हरच्या बाजूने, जेसनमधे (डेटा मजकूर म्हणून पाठवायचा ठरलेला साचा) आलेली रिकामी व्हॅल्यू बहुतेक वेळा नल असते, त्यामुळे डिफॉल्ट लावलाय म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांची इथे हमखास गफलत होते.

त्याच वर्षी ?. सुद्धा आला, युजर?.ॲड्रेस?.सिटी असं लिहिलं की मधलं काही नसलं तर एरर न येता अनडिफाइन्ड मिळतो. ती सोय छान आहे पण प्रत्येक डॉटच्या आधी प्रश्नचिन्ह लावायची सवय लावून घेऊ नका. ॲड्रेस खरंच ऐच्छिक असेल तर लावा. लॉगिन झाल्यावर युजर असायलाच हवा अशी जागा असेल तर तिथे ?. लावून तुम्ही एरर घालवत नाही, लपवता, आणि मग तीन स्क्रीन पुढे कुठेतरी रिकामा चौकोन दिसतो आणि तो कुठून आला हे शोधायला संध्याकाळ जाते.

प्रश्न: मॅडम, एम्प्लॉयी टेबलमधून जे कुणाचेच मॅनेजर नाहीत असे लोक काढायचे होते. आयडी नॉट इन (सिलेक्ट मॅनेजर आयडी...) अशी क्वेरी लिहिली तर एकही रो येत नाही, एरर पण नाही. डेटा तर समोर दिसतोय. शिवाय काउंट स्टार आणि काउंट कॉलम यांचे आकडे वेगळे येतात. डोकं चालेनासं झालंय. (रिपोर्टिंगचं काम करणारी वाचक)

उत्तर: तुमच्या मॅनेजर आयडीच्या कॉलममधे कुठेतरी एक नल आहे, बहुतेक सगळ्यात वरच्या बॉसच्या रोमधे, कारण त्याला मॅनेजर नाही. त्या एका नलने अख्खी क्वेरी रिकामी केली.

एसक्यूएलमधला, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेतला, नल जावास्क्रिप्टच्या नलसारखा वागत नाही हे आधी पक्कं करा. इथे नलचा अर्थ "माहीत नाही" असा धरलाय, आणि माहीत नसलेल्या गोष्टीशी केलेल्या तुलनेचं उत्तरही "माहीत नाही" असंच येतं. म्हणून नल = नल हे ट्रू नाही, फॉल्सही नाही, अननोन आहे. ट्रू, फॉल्स आणि अननोन अशी तीन उत्तरं असलेलं हे तर्कशास्त्र आहे आणि व्हेअर फक्त ट्रू आलेल्या रो ठेवतो, अननोन टाकून देतो. आता तुमची क्वेरी सोडवून बघा. 7 नॉट इन (3, 5, नल) म्हणजे 7 हा 3 नाही आणि 7 हा 5 नाही आणि 7 हा नल नाही. पहिली दोन ट्रू, तिसरं अननोन, सगळं मिळून अननोन, रो बाद. कुठलाही आयडी घेतला तरी शेवटी एकतर फॉल्स नाहीतर अननोन, ट्रू कधीच नाही. नॉट इनच्या जागी नॉट एक्झिस्ट्स लिहा, तिथे रो सापडली की नाही एवढंच बघितलं जातं म्हणून नल आडवा येत नाही. सबक्वेरीत "मॅनेजर आयडी इज नॉट नल" टाकूनही काम होतं, पण ते टाकायचं लक्षात ठेवावं लागतं, म्हणून मी नॉट एक्झिस्ट्सच सुचवते.

काउंटचं सोपं आहे, काउंट स्टार रो मोजतो आणि काउंट कॉलम त्या कॉलममधे नल नसलेल्या रो मोजतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. पण ॲव्हरेजकडे जास्त लक्ष द्या. 10, 20, 30 आणि एक नल यांची सरासरी एसक्यूएल 20 सांगतो कारण नल तो धरतच नाही, भागाकार तीनने करतो. तुमच्या मनात नल म्हणजे शून्य असेल तर उत्तर 15 यायला हवं होतं. कुठलं खरं ते डेटाबेसला कळू शकत नाही, ते तुम्हीच ठरवायचं, आणि शून्य धरायचं असेल तर कोअलेस (नल असेल तर त्याऐवजी दिलेली व्हॅल्यू घेणारं फंक्शन) वापरून तसं स्पष्ट लिहायचं. समला एकही व्हॅल्यू मिळाली नाही तर तो 0 देत नाही, नल देतो, रिपोर्टच्या तळाशी एकूण बेरजेची जागा रिकामी दिसते ती बहुतेक यामुळेच.

आणखी एक, जी रिपोर्टमधे फार उशिरा लक्षात येते. स्टेटस <> "बंद" अशी अट लावली तर ज्यांचं स्टेटस नल आहे त्या रो सुद्धा गळतात, जरी बघणाऱ्याला वाटतं की त्या बंद नाहीत म्हणजे आल्याच पाहिजेत. पोस्टग्रेस या डेटाबेसमधे यासाठी "इज डिस्टिंक्ट फ्रॉम" आहे, मायएसक्यूएलमधे <=> नावाची नल समजणारी तुलना आहे, तिच्या आधी नॉट लावायचा.

डेटाबेस बदलला की नलचे नियमही थोडे बदलतात. युनिक (एकच व्हॅल्यू दोनदा नको ही अट) लावलेल्या कॉलममधे पोस्टग्रेस, मायएसक्यूएल हवे तितके नल चालवून घेतात, एसक्यूएल सर्व्हर एकच. पोस्टग्रेसच्या 15 व्या आवृत्तीपासून तिथेही एकच नल चालेल असं सांगता येतं. ऑरॅकल तर रिकामी स्ट्रिंगच नल मानतो, त्यामुळे एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर जाताना हे आधी तपासा.

रिलेशनल डेटाबेसची कल्पना ज्यांनी 1970 मधे मांडली त्या एडगर कॉड यांनाही हा एक नल अपुरा वाटला होता. 1986 मधे त्यांनी सुचवलं की नसणं दोन प्रकारचं धरा, एक म्हणजे व्हॅल्यू आहे पण आपल्याला माहीत नाही, आणि दुसरं म्हणजे इथे ती व्हॅल्यू लागूच होत नाही. तुमच्या टेबलात हेच झालंय बघा. सगळ्यात वरच्या बॉसला मॅनेजर लागूच होत नाही, आणि नव्याने आलेल्या माणसाचा मॅनेजर अजून भरलेला नसेल तर तिथेही नल, दोन्ही रो दिसायला सारख्या. कॉड यांची ती सूचना एसक्यूएलमधे आली नाही, म्हणून हा फरक महत्त्वाचा असेल तिथे आपणच एक वेगळा कॉलम ठेवायचा. त्यात कारण लिहायचं: लागू नाही, अजून कळलं नाही, सांगायला नकार दिला. मी टेबल डिझाइन करणाऱ्या प्रत्येकाला हे सांगते, कारण नंतर त्या नलचा अर्थ विचारायला कुणी शिल्लक राहत नाही.

प्रश्न: प्रोफाइल एडिटच्या एपीआयमधे युजरने फोन नंबर काढून टाकला तरी जुना तसाच राहतो. फ्रंटएंडला विचारलं तर म्हणतात आम्ही अनडिफाइन्ड पाठवतोय. बॅकएंडला काहीच येत नाही. चूक कुणाची? (बॅकएंड डेव्हलपर)

उत्तर: फ्रंटएंडवाले खरं बोलतायत आणि तुम्हीही खरं बोलताय. जेसनमधे नल आहे, अनडिफाइन्ड नाहीच. जेसन.स्ट्रिंगिफायला ज्या प्रॉपर्टीत अनडिफाइन्ड दिसतो ती प्रॉपर्टी तो सरळ वगळतो, त्यामुळे त्यांनी पाठवलेली गोष्ट वाटेतच नाहीशी होते. ॲरेमधे असेल तर अनडिफाइन्डच्या जागी नल टाकतो, नाहीतर पुढचे नंबर सरकतील म्हणून. नॅन सुद्धा नल होऊन जातो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

चूक शोधण्यापेक्षा करार ठरवा. की आलीच नाही म्हणजे हात लावू नको, की आली आणि नल आहे म्हणजे पुसून टाक, आणि व्हॅल्यू आली म्हणजे ती लिही. जेसन मर्ज पॅच नावाचं स्टँडर्ड आहे, आरएफसी 7396, त्यात हेच लिहिलंय. फक्त तुमच्या बाजूने एक काळजी घ्या, बऱ्याच भाषांत जेसन वाचून क्लासच्या ऑब्जेक्टमधे भरला की न आलेली की आणि नल आलेली की दोन्ही नल दिसतात आणि फरक तिथेच मरतो. म्हणून पॅचच्या रिक्वेस्टमधे की खरंच आली होती का हे कच्च्या जेसनमधून आधी बघायचं आणि मगच पुढे जायचं. रिकामी स्ट्रिंग म्हणजे पुसणे असा चौथा अर्थ मात्र जोडू नका, फॉर्म भरताना लोक चुकून फील्ड रिकामं सोडतात.

प्रश्न: जावामधे नल पॉइंटर एक्सेप्शनला वैतागून आमच्या टीमने ठरवलंय की प्रत्येक मेथडच्या सुरुवातीला प्रत्येक गोष्टीसाठी नल चेक टाकायचा. सीनियर म्हणतात सुरक्षित आहे. मला कोड वाचवत नाही. तुमचं काय मत? (तीन वर्षं अनुभव)

उत्तर: माझं मत स्पष्ट आहे, हे रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं चाललंय. नल जिथे आत येतो तिथे तो अडवायचा. प्रत्येक मेथडमधे "नल असेल तर रिटर्न" लिहिलं की प्रोग्रॅम कोसळत नाही हे खरं, पण ऑर्डर सेव्ह न होता पुढे जातो, ईमेल न जाता पुढे जातो, आणि कुणालाच कळत नाही.

सीनियरांची भीती मात्र खोटी नाही, तिला मान द्या. टोनी होअर, ज्यांनी क्विकसॉर्ट शोधलं, त्यांनी 1965 मधे अल्गोल डब्ल्यू भाषेत नल रेफरन्स आणला, आणि 2009 मधे लंडनच्या एका परिषदेत त्यांनी स्वतःच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. कारण असं दिलं की अंमलात आणायला फारच सोपं होतं म्हणून मोह आवरला नाही. इतक्या वर्षांनंतरही ती चूक वसूल होतेच आहे. 12 जून 2025 ला गूगल क्लाउडच्या सेवा जगभर बंद पडल्या, त्यांनी दिलेल्या अहवालात कारण होतं की एका पॉलिसीच्या डेटात फील्ड्स रिकामी होती, तो डेटा काही सेकंदांत सगळीकडे पोचला, नव्या कोडला तिथे नल पॉइंटर लागला आणि त्या कोडमधे रिकाम्या फील्डची सोयच नव्हती, त्यामुळे प्रोग्रॅम सुरू व्हायचा आणि परत कोसळायचा. हा डेटा आत येतानाच "फील्ड रिकामं आहे, घेणार नाही" असं कुणी म्हटलं असतं तर तो एवढ्या लांब पोचलाच नसता.

तर तुमच्या टीमसाठी माझं सुचवणं असं. बाहेरून डेटा येतो त्या जागा मोजक्या असतात, एपीआय, डेटाबेस, फाइल, कॉन्फिग. तिथे कडक तपासा आणि चुकीचं असेल तर मोठ्याने नाकारा, जावात ऑब्जेक्ट्स.रिक्वायरनॉननल त्यासाठीच आहे. आतल्या मेथड्सना नल चालणार नाही असं गृहीत धरू द्या. यादी परत करणाऱ्या मेथडने कधीही नल देऊ नये, रिकामी यादी द्यावी, म्हणजे वापरणाऱ्याचा लूप आपोआप शून्य वेळा फिरतो. शोधून न सापडण्याची शक्यता असेल तिथे 2014 च्या जावा 8 मधे आलेला ऑप्शनल परत करा, पण तो रिटर्न टाइप म्हणूनच, प्रत्येक फील्ड आणि पॅरामीटरला ऑप्शनलमधे गुंडाळू नका. जुनं जावा वापरत असाल तर वर जा, कारण जावा 14 मधे आलेला आणि 15 पासून आपोआप चालू असलेला सविस्तर मेसेज सांगतो की ओळीतली नेमकी कुठली गोष्ट नल होती. आधी नुसता ओळीचा नंबर मिळायचा आणि त्या ओळीत पाच डॉट असायचे.

शक्य असेल तिथे हे काम माणसावर ठेवूच नका, कंपायलरवर टाका. कॉटलिनमधे स्ट्रिंग आणि स्ट्रिंग? हे दोन वेगळे टाइप आहेत, पहिल्यात नल बसूच शकत नाही आणि दुसऱ्यात तपासल्याशिवाय डॉट लावू देत नाही. स्विफ्टमधे ऑप्शनल आहे, रस्टमधे ऑप्शन आहे आणि साध्या रेफरन्सला नल नाहीच, टाइपस्क्रिप्टमधे 2016 पासून स्ट्रिक्ट नल चेक्स आहेत, डार्टमधे 2021 पासून. यातली खरी गंमत चेक टाकण्यात नाही, न टाकण्यात आहे. टाइपवर प्रश्नचिन्ह नाही म्हणजे इथे बघायची गरजच नाही, आणि वाचणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. कॉटलिनला जाल तर !! मात्र जपून वापरा, तो कंपायलरला "गप्प बस, मला माहितीये" असं सांगतो आणि तुम्ही चुकलात तर तेच जुनं एक्सेप्शन परत येतं.

प्रश्न: पांडाजमधे सीएसव्ही वाचली तर वयाचा कॉलम 25.0, 31.0 असा का येतो? फाइलमधे तर पूर्णांक आहेत. (डेटा सायन्सचा कोर्स चालू)

उत्तर: कारण एखाद्या रोमधे वय नाहीये. पांडाज, म्हणजे पायथनची डेटा हाताळायची लायब्ररी, तिथे नॅन ठेवतो आणि नॅन हा फ्लोटिंग पॉइंटच्या स्टँडर्डमधला, म्हणून अख्खा कॉलम फ्लोट होतो. कॉलमचा टाइप कॅपिटल आयवाला इंट64 द्या, तो रिकाम्या जागांसकट पूर्णांक ठेवतो. आणि नॅन स्वतःशीसुद्धा समान नसतो, त्यामुळे == ने शोधलात तर कधीच सापडणार नाही, इजएनए वापरा. साध्या पायथनमधे नन, म्हणजे पायथनचा नल, तपासताना "इज नन" लिहा, नुसतं "इफ नॉट एक्स" लिहिलं की शून्य आणि रिकामी यादी पण त्यात जाते, वर क्विझच्या प्रश्नात झालं तेच.

प्रश्न: सी मधे व्हेरिएबलला व्हॅल्यू नाही दिली तर अनडिफाइन्ड येतं का? आणि नल पॉइंटर वाचला तर नेहमी क्रॅशच होतो ना? (डिप्लोमा, पहिलं वर्ष)

उत्तर: नाही येत. सी मधे अनडिफाइन्ड नावाची व्हॅल्यूच नाही. फंक्शनच्या आतल्या साध्या व्हेरिएबलला व्हॅल्यू दिली नाही तर त्या जागेत आधीचं जे काही पडलेलं असेल ते दिसू शकतं, आज 0, उद्या 32767, आणि म्हणूनच "माझ्या मशीनवर चालतंय" असं होतं. ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबल मात्र शून्याने सुरू होतात. वॉर्निंग चालू ठेवून कंपाइल करायची सवय आत्तापासून लाव.

नल पॉइंटरचं (पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता) म्हणशील तर बहुतेक मशीनवर सेगमेंटेशन फॉल्ट येतो, म्हणजे प्रोग्रॅम कोसळतो, कारण ऑपरेटिंग सिस्टिम शून्य पत्त्याच्या आसपासची मेमरी कुणाला वापरायला देत नाही. पण भाषा तशी हमी देत नाही, ती फक्त म्हणते की हे वागणं ठरलेलं नाही, आणि कंपायलर त्याचा पुरेपूर फायदा घेतो. आधी पॉइंटर वाचलास आणि नंतर तो नल आहे का तपासलंस तर कंपायलर म्हणतो, वाचलाय म्हणजे नल नसणारच, आणि तुझा चेक काढून टाकतो. 2009 मधे लिनक्स कर्नलच्या टन नावाच्या नेटवर्क ड्रायव्हरमधे नेमकं हे झालं आणि त्यातून सिक्युरिटीचं भगदाड पडलं. चेक नेहमी वाचण्याच्या आधी.

प्रश्न: एखाद्या माणसाचं आडनावच "नल" असेल तर सिस्टिम गोंधळते असं वाचलं. खरं आहे का? (उत्सुक वाचक)

उत्तर: खरं आहे, आणि त्या लोकांना फॉर्म भरताना खरोखर त्रास होतो. कॅलिफोर्नियात एका सिक्युरिटी रिसर्चरने गाडीची नंबरप्लेटच NULL अशी घेतली होती आणि दंडाच्या ज्या चलनांवर गाडीचा नंबर भरलेला नव्हता ती त्याच्या नावावर येऊ लागली, 2019 च्या डेफ कॉन परिषदेत त्याने हे सांगितलं. नीट लिहिलेल्या कोडमधे नल ही व्हॅल्यू आणि ती चार अक्षरं असलेली स्ट्रिंग यांचा काही संबंध नसतो. घोळ होतो तो डेटा साध्या मजकुरातून जातो तेव्हा, कुणीतरी नल स्ट्रिंगमधे जोडतो, ती अक्षरं फाइलमधे लिहिली जातात आणि पलीकडे वाचणारा त्यांना पुन्हा नल समजतो. पांडाजसुद्धा सीएसव्ही वाचताना अशी अक्षरं दिसली की त्यांना रिकामं धरतो, आडनावांची फाइल असेल तर कीप डिफॉल्ट एनए हा पर्याय फॉल्स करून वाचा. पोस्टग्रेसची कॉपी कमांड सीएसव्हीमधे अवतरणचिन्हांशिवाय रिकामं असेल तर नल धरते आणि अवतरणचिन्हांत रिकामं असेल तर रिकामी स्ट्रिंग. त्यामुळे फाइल कुठल्याही एक्सेल शीटमधून फिरवून आणली असेल तर लोड करण्याआधी एकदा साध्या टेक्स्ट एडिटरमधे उघडून ती अवतरणचिन्हं अजून जागेवर आहेत का ते बघा.